एकाच डब्यातला रंग

२० जानेवारी

प्रिय मायक्रॉन,

फोनवर आपण दोघंही एकमेकांचा श्वास ऐकत बसतो आणि शेवटी "बरं, ठेवू?" म्हणतो. म्हणून हे पत्र. तुझी ताई म्हणायची, माझी बहीण शब्द तोलून देते आणि माझा नवरा न तोलता पोतंच उपडं करतो. तर घे, हे पोतं.

सोबत तीन पास आहेत, छोट्या नाट्यगृहाचे. आम्ही दर हंगामाला शेजारशेजारच्या दोन खुर्च्या घ्यायचो. हा हंगाम सुरू झाला आणि ती गेली. माझे पास मी फाडून टाकले. तिचे फाडवेनात. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. महिन्याचा पहिला शनिवार. तू त्याच शहरात राहतेस आणि प्रयोगशाळेतून सुटलीस की खोलीचं दार लावून बसतेस. जरा बाहेर पड.

पण जायचं तर पुरतं जायचं. अर्धवट शनिवार तिला चालत नसे. दुपारी नाट्यगृहामागच्या गल्लीतलं कलादालन. एकच लांब खोली आहे, दर महिन्याला नवी चित्रं लागतात. तिथे एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांच्या मागे फिरायचं नाही. फिरून घरी न्यायला एक चित्र निवडायचं. मनातल्या मनात अर्थात. आपल्या घरच्या भिंतींना तेवढंच परवडतं. मग नाटक किंवा गाणं, त्या दिवशी जे असेल ते. आणि मग कोपऱ्यावरच्या त्या आठ टेबलांच्या हॉटेलात जेवण. सूप आलं की दोघांनी एकाच दमात आपापलं चित्र सांगायचं. नाही जुळलं तर गोड पदार्थ येईपर्यंत भांडायचं.

आधीच्या बारा वर्षांत तीनदाच जुळलं होतं गं. आणि जुळलं की ती भडकायची. "चोरा, माझं चित्र घेतलंस!" म्हणून चमचा आपटायची. शेजारच्या टेबलावरची माणसं दचकायची.

पण गेल्या हंगामात काय झालं ते तुला सांगितलं नव्हतं. दर महिन्याला जुळत गेलं. पहिल्या शनिवारपासून शेवटच्यापर्यंत, एकदाही चुकलं नाही. आता मी इथे भावाच्या गावी, त्याच्या रंगाच्या दुकानात बसतो. गिऱ्हाईक भिंतीचा टवका घेऊन येतं, "अगदी असाच द्या" म्हणतं. दिवसभर मी जुळवत असतो आणि मनात म्हणत असतो, आमचं जुळलं होतं. एवढ्यावर माझा दिवस निघतो.

तू तिच्या रक्ताची. तिच्या खुर्चीत बस, बघ, जेव, आणि मला कळव.

तुझा,
दाजी


४ फेब्रुवारी

दाजी,

पास मिळाले. काल जाऊन आले. क्रमाने सांगते.

कलादालनात माझ्याशिवाय चार माणसं होती. खोलीत उजेड बरा आहे, पण पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट चित्रांवर येतं. ते रंगांना चांगलं नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. दिवसभर मी कंपन्यांकडून आलेली वजनं, थर्मामीटर आणि दाब मोजायची गेज तपासते आणि प्रत्येकावर चिठ्ठी लावते, की हे साधन एवढ्याने चुकतं. शनिवारी तरी चिठ्ठी लावू नये, असं ठरवलं होतं.

लक्षात राहिलेली चित्रं पाच. पहिलं: दुरुस्तीसाठी उलटी घातलेली होडी, खाली झोपलेलं कुत्रं. दुसरं: एक म्हातारा आरशात बघून टाय बांधतो आहे, आरशात मात्र गाठ सुटलेली आहे. तिसरं: नुसता पिवळा रंग, वर एक तिरपी रेघ. चौथं: बसमध्ये झोपलेल्या पाच बायका, सगळ्यांची डोकी एकाच बाजूला कललेली. पाचवं: चिरलेला कोबी, माझ्या दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाही एवढा. यातून तुम्ही तुमचं निवडा. माझं चित्र या कागदाच्या तळाशी दुमडून चिकटपट्टीने बंद केलं आहे. आधी निवडा, मग पट्टी काढा. पट्टी आधी काढली तर मला कळणार नाही, हे खरं. तरी काढू नका.

नाटक विनोदी होतं. दोन भाऊ एक बंद पडलेलं दुकान विकायला निघतात आणि विकत घ्यायला आलेल्या माणसालाच नोकरीवर ठेवतात. लोक खूप हसले. मी दोनदा हसले, दुसऱ्यांदा जरा उशिरा. शेजारची खुर्ची रिकामी होती. मी तिच्यावर पर्स ठेवली. मग उचलून घेतली.

हॉटेलात ताई ज्यांना सरन्यायाधीश म्हणायची ते पांढऱ्या मिशांचे वेटर आहेत अजून. मला दारातच म्हणाले, "धाकट्या ना तुम्ही? चाल तीच." खिडकीजवळच्या टेबलावर नेलं, ताईच्याच खुर्चीवर बसवलं. पण मेनूकार्ड हातात दिलंच नाही. उभ्या उभ्या सगळं वाचून दाखवलं, सुपापासून शेवटपर्यंत. मला वाचता येतं, असं सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. भोपळ्याचं सूप आणि भाजलेला मासा घेतला. सूप चांगलं होतं. मासा जास्त चांगला होता.

तब्येत सांभाळा. दुकानातल्या थिनरच्या वासात तासन्‌तास बसू नका.

मायक्रॉन


१२ फेब्रुवारी

प्रिय मायक्रॉन,

तुझा तपासणी अहवाल मिळाला. पोच समजावी. केसाहून बारीक मोजतेस, उगाच नाही तुला मायक्रॉन म्हणत.

मी इमानेइतबारे आधी निवडलं, मग पट्टी काढली. मी होडी घेतली, कुत्र्यासाठी. आणि तू कोबी! अगं, कोबी? जन्मभर भिंतीवर कोबी बघत जेवायचं का माणसाने? मी दुकानात एकटाच मोठ्याने हसलो. भाऊ म्हणाला, आज काय दादा, रंगात आलास. फार दिवसांनी हसलो, हे तुला सांगायला हरकत नाही.

कार्ड दिलं नाही म्हणून रागावू नकोस. तो मान आहे. गेल्या हंगामात तुझ्या ताईने कार्ड उघडणं सोडूनच दिलं होतं. "सरन्यायाधीश, तुम्हीच वाचा आणि तुम्हीच निकाल द्या," म्हणायची आणि ते मान ताठ करून वाचायचे. तुला पाहून सवयीने वाचलं असेल बिचाऱ्यांनी.

त्या वर्षाचं काय काय सांगू तुला? रस्त्याने चालताना माझा हात धरायची. बारा वर्षांत कधी धरला नाही. लोक बघतात, म्हणायची. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर तर दंडाला घट्ट बिलगायची. मी म्हटलं, काय बाईसाहेब, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय. तर म्हणाली, उशिरा मुरतं ते लोणचं टिकतं.

एक गोष्ट तुझ्यासमोरच घडली म्हणून लिहितो. दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूतली गाठ वर्षभर आधी सापडली असती तर काही करता आलं असतं. मी म्हटलं, काही लक्षणच नव्हतं हो डॉक्टर. तू शेजारी उभी होतीस. ते एक वाक्य मी रोज उशाशी घेऊन झोपतो. काही लक्षणच नव्हतं. असतं तर मला दिसलं असतं. एका हाताच्या अंतरावर तर बसायचो.

असो. कलादालनाच्या दाराशी खुर्ची टाकून एक बाई बसतात, चित्रांची राखण करतात. ताई त्यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय बाहेर पडत नसे. मी आपला पायऱ्यांवर वाट बघत उभा. पुढच्या वेळी त्यांना भेट आणि माझा नमस्कार सांग.

तुझा,
दाजी

ता. क. कोबीचा निषेध कायम आहे.


३ मार्च

दाजी,

काल गेले होते. गाण्याचा कार्यक्रम होता. एक बाई आणि एक व्हायोलिन. हॉल भरला होता. मध्यंतरानंतर व्हायोलिनची एक तार उतरली होती, बहुतेकांच्या लक्षात आलं नाही.

चित्रं या वेळी विशेष नव्हती. म्हणून यादी देत नाही.

खुर्चीवाल्या बाईंना तुमचा नमस्कार सांगितला. त्यांनीही सांगितला आहे.

जेवले. इथे ऊन वाढलं आहे. काळजी घ्या.

मायक्रॉन


३ मार्च

ताई,

हे पत्र टाकायचं नाही. पाकीटही घेतलेलं नाही. पण दाजींना जे लिहिलं ते टेबलावर पडलं आहे आणि त्यात सगळं खोटं नसलं तरी खरं काहीच नाही. कुठेतरी खरं लिहून ठेवल्याशिवाय मला उठता येणार नाही.

मी खुर्चीवाल्या बाईंना नमस्कार सांगितला. त्या म्हणाल्या, "तुम्ही धाकट्या. त्या तुमचं फार बोलायच्या. कशा आहेत आता? डोळे?"

मी म्हटलं, ताई गेली. त्यांनी हातातलं विणकाम मांडीवर ठेवलं. मग मी विचारलं, डोळ्यांचं काय?

तू त्यांना सांगितलं होतंस. त्यांना. दाराशी बसणाऱ्या परक्या बाईला. समोर धुकं येतं, चित्राच्या जागी नुसता रंगाचा ढग दिसतो, म्हणून. गेल्या हंगामाच्या पहिल्याच शनिवारी. आणि दाजी पायऱ्यांवर गेले की तू त्यांना विचारायचीस, "आमचे साहेब आज कुठल्या चित्रापाशी जास्त थांबले? कसं आहे ते? सांगा ना चटकन." त्या सांगायच्या. तू पाठ करायचीस. दोन तासांच्या नाटकात ते लक्षात ठेवायचीस आणि सूप आलं की एकाच दमात बोलायचीस.

त्या म्हणाल्या, "मी कितीदा म्हटलं, बाई, डॉक्टरला दाखवा. तर म्हणायच्या, दाखवीन हो. घरात कळलं की उद्यापासून दवाखाना सुरू. एवढा एक हंगाम बघून घेऊ द्या."

बघून. तुला नेहमी शब्द बरोबर सापडायचे.

नंतर हॉटेलात मी सरन्यायाधीशांना विचारलं, कार्ड का वाचून दाखवता? ते म्हणाले, "ताईंना लागायचं तसं. एकदा कार्ड उलटं धरलं होतं त्यांनी. मग मीच वाचायला लागलो. वयाचं असेल म्हटलं." वयाचं. बेचाळीसच्या बाईला.

म्हणजे हात धरणं तेच होतं. पायऱ्यांवर बिलगणं तेच होतं. जुळणं तर होतंच.

तुझ्यावर राग आहे माझा. माझ्याकडे येऊन सांगितलं असतंस, तर मी तुला त्याच दिवशी ओढत नेलं असतं. म्हणूनच आली नाहीस, हे कळतं मला. कळण्याने राग कमी होत नाही.

आता हे माझ्याकडे ठेवून गेलीस. गेजचा काटा चुकतो हे माहीत असून मी चिठ्ठी न लावता ते परत पाठवलं, तर माझी नोकरी जाईल आणि जायलाच हवी. पण दाजी त्या काट्याकडे बघून रोज उठतात. मी काय करू, ते सांगायला तू नाहीस.

तुझी


१२ मार्च

प्रिय मायक्रॉन,

"चित्रं विशेष नव्हती" म्हणजे काय? तू चिरलेल्या कोबीत रस घेतलेली मुलगी. एक अख्खी खोली चित्रांनी भरलेली आणि तुला त्यांत सांगण्याजोगं काही सापडत नाही? बरं नाही का? कुणी काही बोललं का?

मलाही एक विचारायचं आहे. इकडे आणलेल्या पेट्या अजून उघडल्या नव्हत्या. परवा तिच्या शिवणाच्या डब्यात दोन चष्मे सापडले. नवेच. तिने डोळ्यांवर घातलेले मला आठवत नाहीत. इथल्या चष्मेवाल्याकडे नेले, तो म्हणाला, दोन्हींच्या नंबरात बरंच अंतर आहे, आणि दोन्ही एकाच वर्षातले दिसतात. तिला चष्मा कधी लागला? मला का नाही सांगितलं? तुला काही माहीत आहे का? तुम्ही बहिणी, तुमच्यात काय काय चालायचं मला कळत नसे. माहीत असेल तर सांग. रात्रीची झोप गेली आहे, खोटं कशाला बोलू.

आणि ऐक, एप्रिलला मी येतो आहे. हंगामाचा शेवटचा शनिवार. माझं तिकीट खिडकीवर काढीन, बाकीचं सगळं तसंच करू. खुर्चीवाल्या बाईंशीही मला एकदा नीट बसून बोलायचं आहे. आमच्या सगळ्या शनिवारांच्या त्याच एक साक्षीदार.

तुझा,
दाजी


१८ मार्च

दाजी,

मी बरी आहे. मार्चअखेर कंपन्या सगळी साधनं एकदम तपासायला पाठवतात, त्या घाईत पत्र लिहिलं होतं.

चष्म्यांबद्दल: चाळिशीनंतर नंबर बदलतो. काहींचा लवकर बदलतो. पहिला बरोबर बसला नाही म्हणून दुसरा केला असेल. चष्मा घातला की वय दिसतं, असं ताई म्हणायची. याहून जास्त मला सांगता येणार नाही.

एप्रिलला जरूर या. माझ्या खोलीत दोन माणसं नीट उभी राहत नाहीत, तेव्हा नाट्यगृहाजवळच्या लॉजमध्ये तुमच्यासाठी खोली सांगून ठेवते. खुर्चीवाल्या बाई त्या शनिवारी रजेवर आहेत. बदली माणूस असेल.

कलादालनाच्या पायऱ्यांवर भेटू. ऊन असतं, टोपी आणा.

मायक्रॉन


८ एप्रिल

प्रिय मायक्रॉन,

सुखरूप पोचलो. गाडीत बसायला जागा मिळाली. तू दिलेला डबा पुलापाशीच संपवला.

नाटक फार चांगलं होतं. शेवटी ती बाई रंगमंचावर एकटी राहते आणि नुसत्या घड्या घालत बसते कपड्यांच्या, एक शब्द न बोलता. तेव्हा तू माझ्याकडे बघितलं नाहीस, त्याबद्दल आभारी आहे.

आता पोतं उपडं करतो.

सरन्यायाधीशांनी कार्ड माझ्या हातात दिलं. तुझ्या हातात दिलं नाही. तुला वाचून दाखवायला लागले, तेव्हा तू त्यांच्याकडे एकदा बघितलंस आणि ते अर्ध्यावर थांबले, जीभ चावून कार्ड तुझ्यापुढे ठेवून गेले. मान देणारा माणूस असा जीभ चावत नाही. पण तेव्हा मी ते तेवढ्यावरच सोडलं.

मग सूप आलं. आपण एकाच दमात बोललो. "उन्हात वाळणारी गादी." तू आणि मी. जुळलं.

पहिल्या क्षणी मला काय आनंद झाला, सांगता येत नाही. मग तुझ्याकडे बघितलं. तू चमचा आपटला नाहीस. चोर म्हणाली नाहीस. शांत बसलीस आणि हळूच हसलीस. आणि मला ते हसू ओळखीचं वाटलं.

आधी तीनदा जुळलं तेव्हा ती भडकली होती. गेल्या हंगामात एकदाही भडकली नाही. दर वेळी अशीच शांत बसायची, अशीच हळूच हसायची. मला वाटायचं, मुरलं. लोणचं.

मायक्रॉन, मी रंगाच्या दुकानात बसतो. दोन वेगळ्या डब्यांतला रंग कितीही जुळवा, उन्हात धरला की कुठेतरी केसाएवढा फरक दिसतोच. अगदी तंतोतंत जुळला, तर समजायचं की दोन्ही एकाच डब्यातले आहेत. मी हे गिऱ्हाइकांना रोज सांगतो.

परवा कलादालनात तू चित्रांकडे बघत नव्हतीस. त्या पश्चिमेच्या खिडकीच्या काचेत मला दिसत होतं. तू माझ्याकडे बघत होतीस, मी कुठे थांबतो ते. मला बरं वाटावं म्हणून. तुझा राग नाही. पण मग गाडीत बसल्यावर मी आठवायला लागलो, की गेल्या वर्षी ती कुठे बघायची? आणि मला आठवलं, ती कुठेच बघत नसे. भिंतीजवळून चालत जायची आणि दाराशी जाऊन बाईंजवळ उभी राहायची. मी बाहेर पायऱ्यांवर. ती आत बोलत असायची.

दोन चष्मे. वाचून दाखवलेलं कार्ड. माझा धरलेला हात.

तुला माहीत आहे. बाई रजेवर नव्हत्या, त्यांना तू रजेवर पाठवलंस. माझ्यावर एक उपकार कर. तू दुसऱ्यांच्या साधनांवर लावतेस तशी चिठ्ठी माझ्यावर लाव. सगळी. काही गाळू नकोस.

दाजी


१३ एप्रिल

दाजी,

सगळं लिहिते.

बाईंना मी सांगितलं होतं, तुमच्यासमोर काही बोलू नका. त्या म्हणाल्या, "खोटं मला जमायचं नाही. तोंड बघून कुणालाही कळेल. त्यापेक्षा मी रजाच टाकते." म्हणजे खोटं बोलणारी मी एकटीच होते. चष्म्यांबद्दल मी जे लिहिलं त्यातलं प्रत्येक वाक्य सुटं सुटं खरं असू शकतं, आणि सगळं मिळून खोटं आहे. ते मागे घेते.

बाईंनी सांगितलेलं, त्यांच्या शब्दांत. गेल्या हंगामाच्या पहिल्या शनिवारी ताईने त्यांना सांगितलं, की चित्राच्या जागी रंगाचा ढग दिसतो. पुढे ढगही फिका होत गेला. दर वेळी ती विचारायची, साहेब कुठे जास्त थांबले, ते चित्र कसं आहे. बाई सांगायच्या. डॉक्टरला दाखवा म्हणायच्या, तर ताई म्हणायची, घरात कळलं की उद्यापासून दवाखाना सुरू, एवढा एक हंगाम बघून घेऊ द्या. बाई एकदा चिडून म्हणाल्या, "बघता कुठे तुम्ही?" ताई हसली. म्हणाली, "ते बघतात ना. जेवताना सगळं सांगतात. मला तर फुकटात दुप्पट मिळतं."

हे एवढंच आहे. यापलीकडे जे मला वाटतं ते लिहिणार नाही, कारण ते मोजलेलं नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल, म्हणून लिहिते. लक्षण होतं. व्हरांड्यातलं तुमचं वाक्य चूक होतं. तुम्ही एका हाताच्या अंतरावर बसत होतात आणि तुम्हाला दिसलं नाही. ताईनेही ते दिसू दिलं नाही. तिने ते काम फार नीट केलं, मी दर रविवारी भेटत असून मलाही दिसलं नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी बरेच दिवस त्यांतली एक निवडायचा प्रयत्न केला. निवडता येत नाही. तुम्हालाही येणार नाही, असं वाटतं. साधन चुकतं एवढं चिठ्ठीवर लिहिता येतं. ते का चुकलं, यासाठी चिठ्ठीवर जागा नसते.

जुळण्याबद्दल. आधीची तीन खरी. गेल्या हंगामातली एकही नाही. गादीचंही नाही.

हे वाचून तुम्ही उशाशी काय घेऊन झोपाल, मला माहीत नाही. ते विचारायला फोन करीन. आपण श्वास ऐकत बसू. चालेल.

पुढच्या हंगामाचा अर्ज आला होता. ताईची खुर्ची मी माझ्या नावावर केली. शेजारच्या खुर्चीबद्दल खिडकीवरच्या माणसाने विचारलं. मी म्हटलं, कळवते.

काल पुन्हा कलादालनात गेले, शनिवार नसताना. कुणी नव्हतं. बाई परत आल्या आहेत. त्यांच्या खुर्चीमागे एक लहान चित्र आहे, वहीच्या पानाएवढं. ते बदलत नाहीत, वर्षानुवर्षं तिथेच असतं. आपण त्यासमोरून आलो आणि गेलो. एक दुकान आहे, शटर अर्धं वर केलेलं, आणि खाली नुसते दोन पाय दिसतात. कोण आहे, आत जातंय की बाहेर येतंय, काही कळत नाही. वर्षभर ताई त्या चित्राला खांदा लावून उभी राहायची आणि तुम्ही कुठे थांबलात ते विचारायची. ते तिने पाहिलं नसावं.

घरी न्यायचं असेल तर मी ते नेईन. या वेळी कागद दुमडलेला नाही, पट्टीही लावलेली नाही. तुमचं जुळणार नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही त्या बाजूला थांबलाच नाहीत.

मायक्रॉन